एक गोणी झटकली आणि मशीनची रेघ वर गेली

स्वच्छ म्हणे! आमच्या गोदामातली हवा स्वच्छ, तसा सही-शिक्क्याचा कागद आलाय. आणि सुनंदाचा खोकला म्हणे तिच्या घरचा... काल शेठ तिला सरळ म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका."

अकरा वर्षं मार्केट यार्डात माझ्या शेजारी बसून रिकाम्या गोण्या झटकल्या, शिवल्या तिने. आता एक जिना चढली तरी धाप लागते.

हवा तपासायचं मशीन आलं मागच्या मंगळवारी. नळीने हवा ओढतं, आत लेझरचा उजेड. मशीनवाल्या मॅडमनी सांगितलं, की बुरशीच्या कणावर तो उजेड पडला की कणातूनच वेगळा उजेड निघतो, साध्या धुळीतून सहसा नाही. तो उजेड मशीन मोजतं. चौथी शिकलेय मी, तरी कळलं.

आणि चूक कुणाची? आमचीच! मोठी माणसं येणार म्हणून लवकर येऊन आम्हीच झाडलं, पाणी मारलं, ओल लागलेल्या गोण्या मागे ढकलल्या. दारात रांगोळीसुद्धा काढली. काम बंद, सगळ्या पदर सावरून उभ्या... मशीनला दिसणार काय, रांगोळी?

मॅडम आवरायला लागल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "अहो थांबा, बंद नका करू." मागची एक गोणी ओढली आणि नळीसमोर झटकली. एकच. स्क्रीनवरची रेघ वर गेली ती खाली येईना...

शेठ ओरडले, "अहो, काय चाललंय? टेस्ट संपली!"

मॅडमनी हळूच विचारलं, "मावशी, रोज किती झटकता?"

"शंभर तरी."

ती रेघ माझ्यासमोर सेव्ह केली त्यांनी. बाईमाणसाने बाईमाणसाचं ऐकलं, तेवढं मी विसरणार नाही.

शेठ, रोज सकाळी या ग्रुपवर फुलांचे फोटो टाकता, म्हणजे हेही वाचाल. कागदावर ती रेघ का नाही? मशीन परत आणा, आम्ही झटकत असताना लावा. आणि तोवर सुनंदाला कामावरून काढायचं नाही.

शनिवारपर्यंत उत्तर द्या. नाहीतर सोमवारी गोण्या तुम्ही झटका... आम्ही पाणी मारून, रांगोळी काढून ठेवतो.