पाणी उतरवणारा

ज्या बाईनं मला चार माणसांत आपल्या बहिणीचं लेकरू म्हटलं, तिचं नाव मला माहीत नाही. मेंढरं राखायची, कपाळावर गोंदलेलं होतं, आवाज घोगरा होता, एवढंच सांगता येतं. तिचे उपकार आधी सांगून ठेवतो. पुढचं सगळं लिहिताना मला राग येतो, आणि रागाच्या भरात अशी माणसं मागं राहून जातात.

मी मूळचा कोकणातला. सातवीत शाळा सुटली. मामा परभणीला एका कचेरीत जीपवर ड्रायव्हर होता. त्यानं साहेबांच्या हातापाया पडून मला पाण्याच्या खात्यात रोजंदारीवर चिकटवलं. जिल्ह्यातल्या काही विहिरी निवडलेल्या असायच्या, त्यांच्या कठड्यावर पिवळा नंबर टाकलेला. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, असं वर्षातून चारदा जायचं. पोलादी टेपेच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. पाणी किती खोल आहे ते त्यावरून कळायचं. आमच्याकडे वाकून कळशी बुडवतात. पाणी मोजायला माणूस ठेवतात, याचं मला सुरुवातीला हसूच आलं होतं. ते हसू जिंतूरच्या रस्त्यावरच्या एका गावात जिरलं.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून गावं दुभंगली होती. कुठं घरं जळाली होती, कुठं लोक वस्ती सोडून गेले होते. परका माणूस दिसला की पहिला प्रश्न आडनावाचा. माझं आडनाव तिकडं कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि त्यावरून काहीच उमगत नसे. हीच माझी अडचण झाली.

ती विहीर त्याच साली नव्यानं निवडलेली होती. मालक पन्नाशीचा, अंगानं भरलेला, बोलताना समोरच्याकडं न बघणारा. जानेवारीत मी टेप काढली तेव्हा तो कठड्यावर बसून दात कोरत होता.

"नाव काय रे तुझं?"

मी नुसतं नाव सांगितलं.

"नुसतं नाव कुत्र्याला असतंय. म्होरचं सांग."

मी आडनाव सांगितलं. तो शेजारी उभ्या असलेल्या आपल्या भावाकडं वळला. "हे कुणात येतंय रे?" भावानं खांदे उडवले. मी घाईनं मोजलं आणि निघालो. प्यायला पाणी मागायचा धीर झाला नाही.

मार्चमध्ये पाणी खाली गेलेलं होतं. मे उजाडला तेव्हा गावात ठरून गेलं होतं की मी येतो म्हणून पाणी उतरतं. दोनदा येऊन गेलो, आणि दोन्ही वेळा मागून पाणी खाली गेलं. त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं ते खोटं नव्हतंच. धान्याची रास मोजताना नजर लागते म्हणून तोंड बंद ठेवणारी माणसं ती. त्यात कठड्यावर नंबर पडलेला, म्हणजे विहीर सरकारजमा होणार, ही आणखी एक भीती. त्यांची भीती आज मला कळते. तरी राग जात नाही.

साहेबांनी निघताना बजावलं होतं, "मेचं माप सगळ्यांत महत्त्वाचं. ते नसेल तर परत कामावर येऊ नकोस." घरी आईला मी लिहिलं होतं की नोकरी चांगली आहे.

विहिरीवर सात-आठ जण होते.

"आला बघा पाणी उतरवणारा!"

"अहो, उन्हाळा आहे म्हणून..."

"उन्हाळा काय यंदाच आलाय का? आमच्या बापजाद्यानं उन्हाळा बघितला न्हाई?" मालकानं टेप हिसकावली, जमिनीवर टाकली आणि तिच्यावर पाय दिला. "आधी जात सांग. दोनदा हात घातलास आमच्या इहिरीत. वस्तीतला निघालास तर हितंच उलटा टांगीन."

कुणीतरी हसलं. एकानं ढेकूळ उचललं. खरं सांगावं की खोटं, खोटं सांगावं तर कोणतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात पाठीत जोरात धपाटा बसला.

"मुडद्या, कवा आलास? मावशीकडं यायचं सोडून हितं कामून तडमडायलास?"

विहिरीशेजारी दगडी डोण होती. मालकाचं इंजिन चाललं की तिच्यात पाणी पडायचं आणि या घोगऱ्या आवाजाच्या बाईची मेंढरं प्यायची. त्याबदली तिचा कळप मालकाच्या रानात बसायचा, लेंड्यांचं खत त्याला मिळायचं. मार्चमध्ये मी तिला डोणीपाशी पाहिलं होतं. एक शब्दही बोललो नव्हतो.

मालक म्हणाला, "हे तुझं कोण?"

"बहिणीचं लेकरू. लांब दिलीया तिला, समुद्राकडं."

"मेंढरंवाल्याचं पोर अन् असं बोलतंय?"

"तुमची सून पुण्याची हाय, ती कुठं तुमच्यावानी बोलती? मागल्या दिवाळीला सासऱ्याला अहो-जाहो करायली तर तुमाला वाटलं दुसऱ्याच कुणाला बोलायली."

माणसं खदखदली. ज्यानं ढेकूळ उचललं होतं त्यानं ते टाकून दिलं. मालक हसला नाही, पण त्यानं टेपेवरचा पाय काढला.

"मोज. पर पाणी उतरलेलं निघालं तर तुज्या मावशीला जाब इचारीन."

मी टेप सोडली. खडूची ओली रेघ पार खाली लागली. मार्चपासून पुरुषभर पाणी उतरलं होतं. मालकानं विचारलं, मी खरं ते सांगितलं. दुसरं सांगून उपयोग नव्हता, विहिरीत त्यालाही दिसत होतं.

"ऐकलं का?" तो माणसांकडं वळून म्हणाला. "मावशी-भाच्यानं मिळून इहीर आटिवली. आजपसून मेंढरं हितं न्हाईत."

"मालक, आता दुपारच्या उन्हात कुठं नेऊ त्यास्नी?"

"समुद्राकडं ने. तुझी बहीण हाय न्हवं तिकडं."

मेंढरं अजून अर्धीच प्यायली होती. एकानं काटेरी फांदी ओढून डोणीत टाकली. ती बाई काठी उचलून चालू लागली. मी धावत तिला गाठलं. म्हणालो, "मावशी, तुम्ही माझी जातसुद्धा विचारली नाहीत."

"मला काय तुझ्यासंगं सोयरीक करायची हाय?" तिनं माझ्या हातातली टेप घेऊन पदरानं पुसली, परत दिली. "माप झालं का?"

"झालं."

"मग जा. यष्टी चुकंल."

माझी नोकरी राहिली. पुढं कायमही झालो. मेचं ते माप कागदावर चढलं म्हणून पुढच्या उन्हाळ्याआधी त्या गावाला हापसा मिळाला. उद्घाटनाला मालकानं नारळ फोडला आणि भाषण केलं म्हणे.

ऑक्टोबरात मी गेलो तेव्हा विहीर काठोकाठ भरलेली होती. पाणी कुणी चढवलं, हे मला कुणी विचारलं नाही. नंबरावर शेण फासलेलं होतं. डोणीत तीच काटेरी फांदी, वाळलेली. बाईची चौकशी केली तर मालकाचा भाऊ म्हणाला, "गेली डोंगराकडं. त्या दिवसाच्या उन्हात तीन मेंढरं गेली तिची. तिचं तिनं ओढवून घेतलं, आमी काय करावं?"

नंतर मी जिंतूरच्या डोंगरपायथ्याच्या गावांत विचारत फिरलो. घोगऱ्या आवाजाच्या बाया पुष्कळ भेटल्या, ती भेटली नाही. आता तिचं वय झालं असेल. पण मेंढरं असतील, नाहीतर तिच्या लेकींची तरी असतील. मी त्यांना शोधीन. आणि जिथं सापडतील तिथं, माझ्या पैशानं, कुणाच्या मेहेरबानीवर नाही अशी डोण बांधून देईन. भर मे महिन्यात ती भरीन, आणि सगळा कळप पोटभर पिऊन आपण होऊन बाजूला होईपर्यंत तिथून हलणार नाही.