दुपारची घंटा

त्या शाळेवर मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले ते दोन हजार सालाच्या आसपास. वाटेत गोरेगाव नावाच्या खेड्यात जीप बदलावी लागे आणि माणसं कोंबून झाल्याशिवाय ड्रायव्हर हलत नसे. तोवर मी खाली उतरून येरझाऱ्या घालायची. वाट बघणं मला कधी जमलंच नाही.

शाळेची घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. लोखंडी गजानं हाणला की आवाज पार शेवटच्या वावरात जायचा. तण निंदणाऱ्या बायांची जेवणाची सुट्टी याच घंटेवर व्हायची. वावराच्या मालकालाही ती मान्य, म्हणून तंटा नाही.

दुसरीत एक मुलगी होती. फारसं बोलायची नाही, नजरेला नजर द्यायची नाही. दाराशी सगळ्यांच्या चपला जोडीनं लावायची, आणि एक जरी वाकडी झाली तरी वर्गात बसायची नाही. घंटा झाली की मात्र कान दाबून किंचाळत सुटायची, ती थेट मागच्या विहिरीकडे. त्या विहिरीला कठडा नव्हता.

तिची आई शेजारच्याच वावरात मजुरीला. एक दिवस ती शाळेत आली. "बाई, दुपारची घंटा झाली की मी हिच्या मागं पळून राहिले. एखाद्या दिवशी न्हाई पोचले तर? उद्यापासून न्हाई धाडत लेकराला."

सोबतचे गुरुजी म्हणाले, "बरंच झालं. अशा मुलांची शाळा वेगळी असते."

माझं डोकंच फिरलं. "लेकरू या गावचं, शाळा या गावची. वेगळी कुठं शोधायची?" आईला म्हटलं, धाड उद्या, घंटा बंद. आणि खरंच बंद केली.

दोन-तीन दिवसांत बाया शाळेवर चालून आल्या. "घंटा काहून बंद केली? मालक म्हणतो, घंटा झाली न्हाई, सुट्टी कशाची? उन्हं कलली तरी आमी उपाशी!" त्यांच्या मागे मुलीची आई खाली मान घालून उभी होती. मला भयंकर लाज वाटली.

मग जेवणाच्या वेळेची खूण म्हणून मी शाळेवर बांबूला लाल कापड लावलं. खाली वाकून निंदणाऱ्या बाईला वरचं कापड दिसेल, हे एका मास्तरणीलाच सुचू शकतं! गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष दारात येऊन सांगून गेले, "बाई, सोमवारपासून घंटा झालीच पाहिजे."

रविवारी माझं दूध उतू गेलं, भाजी करपली. घंटा झाली तर मुलीची शाळा जाणार, नाही झाली तर बाया उपाशी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि इथं तर विहीर खरीच होती.

सोमवारी शाळेत शिरले तर अंगणातल्या पाण्याच्या हापशीवर खणखणाट चाललेला. ती मुलगी एकटीच दांडा वर नेत होती आणि जोरानं आपटत होती. लोखंडावर लोखंड. माझे कान किटले, पण तिनं कानाला हातही लावला नव्हता. आवाज कधी होणार, हे तिला माहीत होतं. एवढाच फरक!

दुपारी मी तिला लिंबाखाली नेलं आणि गज तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. "आज घंटा तू वाजवायची." ती गजाकडे बघत राहिली. वेळ टळून चालली. गुरुजी घड्याळ दाखवत होते, फाटकात अध्यक्ष उभे. गज उचलून तिच्या हातात कोंबावा असं मला कितीदा वाटलं. हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. आयुष्यात एवढी वाट मी कशाचीच बघितली नाही.

तिनं गज उचलला. आधी हळूच टेकवला, ऐकलं. मग हाणला. मग हाणतच राहिली.

तिची आई खुरप्यासकट पळत आली. सवयीनं आधी विहिरीकडे वळली, तिथं कुणी नाही म्हणून धापा टाकत फाटकात. लिंबाखाली बघून थिजलीच.

"तीच वाजवून राहिली," मी म्हणाले.

तिनं खुरपं कमरेला खोचलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग मी जाऊ का बाई? पोरगी शाळेत आल्यापासून बायांसंगं बसून भाकर न्हाई खाल्ली."