छताला लावलेली काच

मामा आर्किटेक्ट. त्याने कागदावर नाट्यगृहं रेखाटली, घुमटाचं वाचनालय रेखाटलं. सगळ्यांची पुठ्ठ्याची मॉडेलं कपाटावर धूळ खात पडली. उभं राहिलं ते एकच, आमचं घर. हॉलच्या मधोमध खांब हवा, असं गवंडी कानीकपाळी ओरडून सांगत होता. मामा हटून बसला, "खांब आला की सगळी मजा गेली!"

मग छताला तडा गेला, तोही नेमका जेवणाच्या टेबलावर. मामाने तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढला तर काच फुटेल, म्हणाला. आई हसली, "छताला चष्मा लावलास होय रे?" मला काही हसू आलं नाही. तेव्हापासून मी जीव मुठीत धरून जेवते, घासागणिक वर बघत.

मामा दर रविवारी येतो, आधी काच बघतो, मगच चहा मागतो. "बघ, शाबूत आहे," म्हणत खुर्चीत ऐसपैस बसतो.

परवा पहाटे आई स्टुलावर चढलेली दिसली. खाली सुपलीत काचेचे तुकडे होते आणि तिच्या हातात नवी पट्टी.

"आई, फुटली?"

"हळू बोल. मामाला कळता कामा नये," ती म्हणाली. "ही तिसरी. त्याचं एवढं एकच तर उभं आहे."