बोटीचं नाक

बंदरात त्यांना सगळे काठीवाले म्हणत. इतरांना पेट्रोल संपलं की कळायचं. हे फेरीच्या आधी आणि नंतर खाचा पाडलेली काठी टाकीत बुडवून बघत. तेही जाणं-येणं दोन्ही धरून. एका बाजूला ओहोटी फुकटात ढकलते, आणि तेवढ्यावर खूश होणारा स्वतःलाच टोपी घालतो, असं त्यांचं मत.

काम होतं बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या दिव्यांचं. ते मागे इंजिनापाशी बसत, बायको पुढे टोकाला. काचा ती पुसायची. "जरा पुढे सरक," हे ते दर फेरीला म्हणत. "आता काय पाण्यात बसू?" म्हणत ती सरकायची.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. काठीवाले रडले नाहीत. लेक म्हणाली, बाबा, थोडं रडा तरी. त्यांनी मान डोलावली आणि कामावर गेले. आत सगळं बधिर झालं होतं. जेवण पोटात जायचं, एवढंच.

त्यातच बोट पेट्रोल ढोसायला लागली. एक माणूस कमी, तरी काठी दर वेळी एक खाच कमी ओली निघे. बोट ठेकेदाराची. त्याला वाटलं, पेट्रोलला पाय फुटलेत. त्याने बजावलं, सुधारलं नाही तर बोट विकतो आणि काम दुसऱ्याला देतो. बोट गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे काठीवाल्यांना ठाऊक नव्हतं.

नव्या मेकॅनिकने इंजिन उघडलं, पुसलं, बसवलं आणि स्वतः पुढे बसून फेरी मारली. माप पूर्वीसारखं! दुसऱ्या दिवशी काठीवाले एकटे गेले, तर पुन्हा एक खाच कमी. मेकॅनिक या वेळी धक्क्यावर उभा राहून बघत होता.

"काका, इंजिन ठणठणीत आहे. बोट नाक वर करून चालतेय, म्हणून जास्त पिते. पुढे कोणी बसायचं का?"

"हो," काठीवाले म्हणाले.

मग पुढे वाळूचं पोतं आलं. ठेकेदारादेखत काठी बुडवली, माप बरोबर निघालं. बोट राहिली.

पुढच्या फेरीत भर पाण्यात पोतं थोडं मागे घसरलं आणि नाक जरासं उचललं. हात इंजिनावर, नजर दिव्याकडे, काठीवाले सवयीने म्हणाले, "जरा पुढे सरक."

आणि वाट बघत बसले.

मग त्यांनी इंजिन बंद केलं, पुढे जाऊन पोतं दोन्ही हातांनी सरकवलं आणि त्याला धरून तिथेच रडले. बोट ओहोटीबरोबर वाहत राहिली. त्या दिवशी काठी बुडवायची राहूनच गेली.