साहेबांच्या भरवशावर

चारचौघांत दिलेल्या शब्दाला वजन असतं असं आमच्या वस्तीत मानतात. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला शब्द पाळायचा नसतो तो हमखास चारचौघांतच देतो, कारण त्याला शब्द द्यायचा नसतोच, टाळ्या घ्यायच्या असतात. हे शहाणपण मला जर्मनीत जाऊन आलं, तेही विद्यापीठाचं दार बघायच्या आधी.

नागपूरच्या कॉलेजातून एका वर्षासाठी तिकडच्या विद्यापीठात शिकायला माझी निवड झाली तेव्हा आई लगेच हो म्हणाली. बाबा नाही म्हणाले. बाबा बोरी अरब ते दारव्हा ऑटो चालवतात. सवारीत बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी माझी बातमी सांगितली होती, पण घरी आले की त्यांचा नन्नाचा पाढा सुरू व्हायचा. "थंडीतापानं पडली त कोन पाहीन तिथं? म्या ऑटो घेऊन येऊ काय जर्मनीले?" असं विचारायचे, आणि आम्ही हसलो की चिडायचे.

मग साहेब आले. साहेब म्हणजे आमच्याच वस्तीतले, शिकून इंजिनीअर झालेले आणि बऱ्याच वर्षांपासून जर्मनीत, नेमके माझ्या विद्यापीठाच्या शहरात राहणारे. दोन-तीन वर्षांतून एकदा यायचे. त्यांची माय ज्या स्लॅबच्या घरात एकटी राहते त्या घराला रंग द्यायचे, विहारात सत्कार घ्यायचे आणि समाजाचं देणं फेडण्यावर बोलायचे. ते भाषण मला शाळेपासून पाठ होतं. ते ऐकूनच मी अभ्यासाला लागले हेही खरं आहे, आणि आज जास्त राग त्याचाच येतो.

त्या खेपेला विहारात त्यांच्यासोबत माझाही सत्कार झाला. साहेबांनी एका हातात माइक धरला, दुसरा माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "या लेकीची काळजी आता तिच्या आईवडिलांनी करायची नाही. विमानतळावर मी उभा असेन. माझं घर ते तिचं घर." टाळ्या वाजल्या. बाबांनी डोळे पुसले. घरी येताना ते मला म्हणाले, "जाय आता. पन सायेब हायेत म्हनून पाठवून राह्यलो, हे ध्यानात ठेवजो. तिथं एकटी पडली असं कानावर आलं, त शिक्षन गेलं चुलीत, वापस यायचं." बाबा असं बोलले की तसंच करतात. माझं आख्खं वर्ष साहेबांच्या एका वाक्याला टांगलेलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी साहेबांची माय पिशवी घेऊन आली. वस्तीत सगळे तिला बुढी म्हणतात, मी आजी म्हणायचे. गुडघ्यांवर हात देत ती ओट्यावर टेकली. पिशवीत लेकासाठी जवसाची चटणी, मूगवड्या आणि कुरड्या होत्या. बॅगचं वजन आधीच काठावर आलं होतं. मी माझा जाड स्वेटर बाहेर काढला आणि पिशवी आत कोंबली.

विमानतळावर साहेब नव्हते. नावांचे कागद धरून माणसं उभी होती, ती सगळी दुसऱ्यांसाठी. मी तिथल्या वायफायला फोन जोडला तेव्हा त्यांचा मेसेज आला: कामात अडकलोय, ट्रेन सोपी आहे, ॲप डाउनलोड कर. पाठोपाठ बाबांचा फोन. ते स्टँडवर होते. मागे ऑटोवाल्यांचा गलका ऐकू येत होता, म्हणजे फोन स्पीकरवर होता.

"पोहोचली काय व? सायेब भेटले काय?"

मी दोन बॅगांच्या मध्ये उभी होते. "हो बाबा, भेटले," मी म्हटलं.

"म्या म्हटलं नव्हतं?" हे ते मला म्हणाले नाहीत, स्टँडला म्हणाले.

ट्रेनचं जमलं. दोनदा चुकून जमलं. पण होस्टेलला पोहोचले तर ऑफिस बंद. शनिवार होता, आता सोमवारीच उघडणार. माझ्या खोलीची किल्ली साहेब शुक्रवारी घेऊन ठेवणार होते. तेवढ्यासाठी त्यांनी माझ्या सहीचा कागदही मागवून घेतला होता. मी फोन केला, वाजून थांबला. परत केला, परत वाजून थांबला. मग मेसेज टाकला. त्याखाली निळ्या खुणा मात्र आल्या. म्हणजे वाचून झालं होतं. इतकी वर्षं जर्मनीत राहूनही माणसानं तेवढी खूण बंद करायला शिकू नये, याचंही मला आश्चर्य वाटलं.

शेवटी आत राहणाऱ्या एका व्हिएतनामी मुलीनं दार उघडलं. तिला माझं इंग्रजी कळत नव्हतं, मला तिचं. पण बॅगा घेऊन पायरीवर बसलेली मुलगी कळायला इंग्रजी लागत नाही. सोमवारपर्यंत मी त्यांच्या सामाईक स्वयंपाकघरातल्या सोफ्यावर राहिले. तिनं मला नूडल्स दिले, आपलं जॅकेट दिलं. तिनं कुठल्याही माइकवर काही कबूल केलेलं नव्हतं.

बाबा रोज विचारायचे, सायेबाईचं ध्यान हाय ना तुह्यावर. मी रोज हो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार? खरं बोलले असते तर बाबांनी त्याच दिवशी वापस बोलावलं असतं, आणि मग वस्तीतल्या पुढच्या मुलीच्या बापाला नाही म्हणायला आयतं उदाहरण मिळालं असतं.

साहेब एकदाचे आले ते पुढच्या रविवारी. होस्टेलच्या फाटकासमोर गाडी लावली. बायको आत बसून राहिली आणि समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत राहिली. मी सवयीनं जयभीम घातला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. आजूबाजूला होते कोण, तर एक म्हातारा जर्मन आणि त्याचं कुत्रं.

"हे बघ," साहेब हळू आवाजात म्हणाले, "इथे आपल्याकडचे बरेच लोक आहेत, सगळ्या प्रकारचे. आमचं त्यांच्यात येणं-जाणं आहे. कोणी विचारलं तर यवतमाळची आहे एवढंच सांग. आमच्या गावची, ओळखीची, असं काही काढू नकोस."

तेव्हा मला विमानतळ कळला, किल्ली कळली, निळ्या खुणाही कळल्या. या माणसाला वेळ नव्हता असं नाही. तो मला भीत होता. मी त्याच्या घरी गेले असते तर माझ्यासोबत आमची आख्खी वस्ती त्याच्या सोफ्यावर जाऊन बसली असती. आमच्यासमोर शाल घ्यायला हा माणूस येतो आणि इथे आमची ओळख लपवतो. मला त्याची कीव यायला हवी होती असं नंतर कुणीतरी मला म्हणालं. मला नाही आली. थुंकावंसं वाटलं.

मी आजीची पिशवी आणून दिली. त्यांनी उघडून बघितलीसुद्धा नाही. "तूच खा ते," म्हणाले, "आमच्याकडे वास चालत नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हास," आणि मोबाइल उंच धरून फोटो काढला. मी खोलीत परत जाईपर्यंत तो वस्तीच्या ग्रुपवर पोहोचला होता. खाली लिहिलं होतं: परदेशात आपल्या लेकीसोबत. समाजाचं देणं. त्याखाली निळ्या झेंड्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली होती, आणि त्यात बाबांचे हात सगळ्यात पहिले होते.

इथवर मी गिळलं असतं. लोक बोलतात एक आणि करतात दुसरं, त्यात नवल ते काय. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, माझं पोट त्यावाचून अडलं नव्हतं. पण बाबांचा एक कायदा आहे: कुणाचे उपकार अंगावर ठेवायचे नाहीत. फोटो बघितला आणि बाबा दुसऱ्या दिवसापासून बुढीच्या घरी जायला लागले. सकाळी तिच्याकडे पाण्याच्या कॅन टाकायच्या. शुगरच्या गोळ्या आणायच्या. गुडघे दुखले की तिला ऑटोत घालून दारव्ह्याला डॉक्टरकडे न्यायचं, नंबर लागेपर्यंत तिथेच बसायचं. आई सांगायची, "तुह्या बापाची सकायची सवारी हातची जाते, पन ऐकत नाही." आणि बाबा सांगायचे, "तिथं त्याईनं आपली पोट्टी सांभाळली, इथं आपन त्याईची माय सांभाळाव. हे त कराच लागते."

हे ऐकून मी खोलीत एकटीच फेऱ्या घालायचे. त्या माणसानं माझ्यासाठी एक किल्ली आणली नाही, आणि माझा बाप त्याच्या मायचं पाणी भरतोय! वर तो माणूस ग्रुपवर लिहितो, गावाकडे सगळे आपलेच आहेत, मायची काळजी नाही. नसेलच. फुकटचा गडी मिळालाय ना. माझ्या बापाचं कुणी असं हसं करावं आणि मी त्यासाठी रोज हो म्हणावं, हे मला सहन होईना. वर्ष गेलं तरी चालेल, पण बाबांना सांगायचं असं मी ठरवलं. बाबांनी वापस ये म्हटलं असतं तर भांडले असते. भांडण करायला मी कुणाला भीत नाही.

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. बाबा बुढीच्याच घरी होते. तिच्या मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा करून नुकतेच उठले होते, हात कोपरापर्यंत काळे. मी म्हटलं, बाबा, तुमच्याशी बोलायचं आहे. ते म्हणाले, "थांब, हात धुतो. तवलोक आजीशी बोल." फोन त्यांनी तिच्यासमोर डब्याला टेकवून ठेवला आणि मागच्या अंगणात गेले.

आजी फोनच्या फार जवळ आली. तिचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते.

"कशी हायेस बाई? जेवली काय?"

"जेवले आजी."

"माह्या पोराचं घर कसं हाय?"

खोटं बोलायची सवय झाली होती, पण त्या दिवशी मी खरं बोलायला बसले होते आणि जीभ वळेना. तिनं मागे वळून अंगणाकडे पाहिलं. नळाचा आवाज येत होता.

"नाही नेलं ना त्यानं तुले?" ती हळूच म्हणाली. "मले माहीत हाय. मले तरी कुठी नेलं? दरसाली म्हनते, यंदा नेतो. घराचा फोटो मांगतला त म्हनते, पाठवतो. माह्यापाशी खोटं नोको बोलू."

मी मान हलवली. म्हटलं, "आजी, मी बाबांना आज सगळं सांगणार आहे."

तिचा चेहरा एकदम मागे गेला. मग पुन्हा जवळ आला, आणि तिनं फोनसमोर दोन्ही हात जोडले. माझ्या बापापेक्षाही मोठी बाई.

"नोको सांगू व माय. तुह्या बापाले समजलं त थो येनं बंद करीन. मंग मले कोन हाय?"

नळ बंद झाला. बाबा हात पुसत आले आणि तिच्या शेजारी खाली बसले. "काय म्हनते पोट्टी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," आजी म्हणाली. "माह्या पोराच्या घरी जेवून आली म्हनते."

"असं काय? काय खाऊ घातलं व सायेबाईनं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. आजीही बघत होती.

"वांग्याची भाजी अन् भाकर," आजीच म्हणाली. "सोताच्या हातानं थापली म्हने भाकर. लहानपनी चुलीपाशी बसून माह्याजवळूनच शिकला थो."

बाबांना फार बरं वाटलं. "एवढा मोठा मानूस," ते म्हणाले, "पन पाहा." मग त्यांना आठवलं आणि त्यांनी मला विचारलं, "तुले काय सांगाचं होतं व?"

"काही नाही बाबा," मी म्हटलं. "आजीची गोळी संपत आली असेल. आठवणीनं आणा."