ओविलाने रंगवून बसवलेली झडप

लुसिल थिबोडो उशी काखोटीला मारून बाहेरच्या कोचावर झोपायला गेली, तेव्हा सगळं लुइस्टन गाव बर्फाखाली गोठलेलं होतं आणि तिच्या बेडरूममध्ये मात्र भट्टी पेटली होती! भिंतीच्या तळाशी पत्र्याच्या आवरणात घर तापवणारी गरम पाण्याची नळी. बॉयलरमधून उकळतं पाणी निघायचं ते पहिलं ह्या नवराबायकोच्या पलंगामागूनच जायचं.

"मी काय पाव आहे भाजायला?" ती नवऱ्याला म्हणाली. "खोली थंड झाली की हाक मार."

इतक्या वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच अशी उठून गेली. ओविलाला पलंग खायला उठला.

आता हा ओविला एक नंबरचा चिकट. पोरांनी दार उघडं टाकलं की, "गल्ली तापवायला तेल जाळतोय का मी?" म्हणून खेकसण्यात ह्याची हयात गेली. त्याच माणसाने भर जानेवारीत गुपचूप खिडकी उघडली. झालं! गार वारा दाराखालून घरातल्या बोळात गेला, बॉयलर चालू-बंद करणाऱ्या तिथल्या थर्मोस्टॅटला वाटलं घर गारठलं, आणि बॉयलर जो धडधडायला लागला तो थांबेचना. खोली आणखी तापली, म्हणून ह्याने खिडकी आणखी उघडली. काय म्हणावं ह्या अकलेला!

"कोण रे आता गल्ली तापवतंय?" कोचावरून आवाज आला. ओविला मेल्याहून मेला झाला.

रविवारी त्याची बहीण फ्लोरेट जेवायला आली. खोलीत डोकावून म्हणाली, "अरे शहाण्या, त्या पत्र्यावरची झडप लाव की!"

"झडप? कुठली झडप?"

झडप होती, गरम हवा पत्र्याआडच कोंडून धरणारी. पण दर वर्षी हिवाळ्याआधी ओविला त्या पत्र्यावर हौसेने पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, आणि हातावर हात चढून झडप उघडी ती उघडीच चिकटून बसली होती. बहीण पोट धरधरून हसली. ओविला गुडघ्यांवर बसला, पटाशीने रंग खरवडत राहिला, आणि शेवटी खट्‌कन झडप मिटली.

संध्याकाळपर्यंत खोली निवली. "लुसिल, ये गं!" त्याने हाक मारली. ती आली, आडवी झाली आणि जरा वेळाने कुडकुडत म्हणाली, "किती हा गारठा करून ठेवलास रे!"

ओविला घाईने झडपेकडे वळला. आता ही परत उठणार. "उघडू का झडप?"

"खबरदार हात लावशील तर," लुसिल म्हणाली. "सरक इकडे."