उत्तरेची खिडकी

घराच्या उत्तरेला, आईच्या खिडकीखाली, काहीच टिकत नाही. इथली थंडी कडक आणि त्यात कायमची सावली. म्हणून सावलीत तग धरणारी झाडं घ्यायला मी नर्सरीत गेले. नेचे दाखवता दाखवता तिथल्या बाईंनी विचारलं, "त्या जागी ऊन किती वेळ असतं?" सहा वर्षं या घरात राहून मला ते सांगता येईना. आईला फोन लावला.

ती लगेच म्हणाली, "उन्हाळ्यात सकाळी पाऊण तास. खुर्ची खिडकीला टेकवली की पाय तेवढे शेकतात. बर्फ पडायला लागल्यावर काहीच नाही."

"म्हणजे या झाडांना ऊन नकोच असतं?" मी बाईंना विचारलं.

"ऊन सगळ्यांनाच हवं असतं. ही कमी उन्हात निभावून नेतात, एवढंच."

मला मान वर करवेना. तुळस थंडीत मरू नये म्हणून दिवसभर ऊन कुठे फिरतं ते बघून मी तिला दक्षिणेची खिडकी दिली होती. आईला खोली देताना मात्र "तिला काय, कुठेही चालतं" म्हणून मोकळी झाले होते. रोज आंघोळ झाली की आई त्या उन्हात येते, तुळशीला पाणी घालते आणि आपल्या खोलीत परत जाते.